पाणी निवळल्यावर

परतवाड्यात पावसाळा सरल्याचे नदीच सांगते. सापन आणि बिच्छन घटस्थापनेपर्यंत मातकट वाहतात, दसऱ्यानंतर निवळू लागतात आणि कोजागिरीच्या सुमारास पुलावरून वाकून पाहणाऱ्याला तळातले गोटे दिसतात. शेतकऱ्याचे लक्ष तेव्हा कपाशीच्या बोंडांवर आणि संत्र्याच्या आंबिया बहारावर असते. भोयांचे आणि डोंगरातल्या कोरकूंचे लक्ष पाण्याच्या रंगावर असायचे. पुराच्या पाण्यात जाळे टिकत नाही आणि पाणी काचेसारखे झाले की मासा जाळे पाहून बाजूला सरकतो. मधले जे थोडे आठवडे मिळत, ते नदीच्या मासेमारीचे खरे दिवस.

चढणीच्या माशांबद्दल सगळे बोलतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मासे उलट्या धारेने ओढ्यानाल्यांत, कधी थेट वावरात शिरतात आणि पोरे टोपल्या घेऊन धावतात. उतरणीबद्दल फारसे कुणी बोलत नाही. गंमत म्हणून मासे धरणाऱ्याला ती कळतही नाही. अंडी घालून झालेले मोठे मासे पाणी ओसरताच खाली डोहाकडे निघतात. त्यांच्या मागून, उथळ पाण्यात वाढलेली बोटभर पिल्ले येतात. ज्याचे पोट नदीवर आहे तो या परतीच्या वाटेवर बसतो, कारण आश्विन-कार्तिकात मासा कुठून जाणार हे त्याला माहीत असते.

हीच वेळ अमेरिकेतही गळवाल्यांची आवडती. मिसिसिपीसारख्या नदीवर पानगळ सुरू झाली आणि पाणी गार होऊ लागले की वॉलआय आणि सॉगर नावाचे दोन शिकारी मासे बंधाऱ्यांच्या पायथ्याशी जमतात आणि त्यांच्यासाठी होड्यांची गर्दी होते. तिथे तो परवाना काढून करायचा सुट्टीचा खेळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी ही कमाई होती आणि ती कुणाच्या हातून कशी सुटत गेली, त्याचा इतिहास परतवाड्याइतका नीट फार थोड्या गावांतून दिसतो.

आधी पाण्याची मांडणी पाहू. परतवाड्याच्या पाठीशी उभे आहेत ते गाविलगडचे डोंगर. त्यांच्या दक्षिण उतारावरचे पाणी सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांतून पूर्णेला जाते. (पंढरपूरची चंद्रभागा वेगळी, ही वऱ्हाडातली, दर्यापूरवरून वाहणारी.) उत्तरेला मेळघाटात सिपना, खापरा, खंडू, गाडगा आणि डोलार या पाच नद्या तापीकडे धावतात. पूर्णाही शेवटी चांगदेवजवळ तापीलाच मिळते. डोंगराच्या दोन्ही अंगांचे पाणी असे एकाच खोऱ्यात जमा होते आणि मासेही त्याच खोऱ्याचे.

वऱ्हाडातल्या मासेमाराला नदीवर इतके का अवलंबून राहावे लागले, याचे उत्तर जमिनीत आणि महसुलात आहे. पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागात कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव गावोगाव आहेत. तिथल्या ढिवराला बारमाही पाणी गावातच मिळाले. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आणली. इथे मालगुजार नव्हता आणि काळ्या कपाशीच्या जमिनीत तलावांची तशी परंपराही नव्हती. त्यामुळे भोयाच्या वाट्याला आले ते नदीतले डोह. उन्हाळ्यात धार तुटली तरी डोहात पाणी राहते आणि पाण्याबरोबर पुढच्या वर्षीचे बियाणेही. मेळघाटात सिपनेच्या काठी सेमाडोह वसले आहे. गावाच्या नावातच डोह.

भोई म्हणजे निव्वळ मासेमार, असे समजणे चूक आहे. सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत राज भोई, झिंगा भोई, कहार, ढिवर अशी नावे एका गटात येतात. त्यांत पालखी वाहणारे, पाणी भरणारे, नाव चालवणारे आणि मासे धरणारे सगळे आहेत. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही ढिमरांच्या कामांत पालखी, पाणी, मासे आणि शिंगाड्याची लागवड यांची नोंद आहे. अचलपुरात नवाबी होती, शेजारी परतवाड्यात छावणी होती, त्यामुळे पालख्या आणि मेणे वाहायला खांदे लागत. 1867 मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे गेली, मागोमाग सडका झाल्या आणि खांद्याचे काम आटले. नदीचे तेवढे राहिले. हिवाळा सरून पात्र उघडे पडले की त्याच वाळूत खरबूज-टरबुजाच्या डांगरवाड्या लावायच्या, पाणी असेतो जाळे टाकायचे, असा वर्षाचा फेरा.

फेकजाळे टाकणारा माणूस जवळून पाहावा. जाळ्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. दोरीचे टोक मनगटाला, घेराचा एक भाग दातांत, उरलेल्या घड्या कोपरावर आणि उजव्या हातात. तो पाण्यात मांडीपर्यंत उतरतो, कमरेतून वळतो आणि दात सोडतो. जाळे हवेत पूर्ण गोल उघडून सपाट पडले पाहिजे. दुमडून पडले तर मासा मोकळ्या बाजूने निसटतो. पडल्यावर लगेच ओढायचे नाही. मणी तळाला टेकू द्यायचे, मग दोरी हलक्या हाताने आत घ्यायची, म्हणजे घेर तळाशी मिटत येतो. गोटे असतील तिथे मणी अडकतात, म्हणून कुठल्या डोहात कुठल्या बाजूने जाळे टाकायचे हे बापाकडून पोराकडे येते. नायलॉन येण्यापूर्वी जाळे घरीच विणले जाई. सुताचे किंवा तागाचे जाळे कुजू नये म्हणून सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावे लागे. जाळ्याचा आस किती बोटांचा, यावर मासा किती मोठा धरायचा हे ठरे. बारीक आसाचे जाळे आश्विनात टाकणारा पुढच्या दोन वर्षांचे मासे एका संध्याकाळी उचलतो.

डोंगरातली तऱ्हा वेगळी. कोरकू ओढ्याच्या अरुंद जागी दगडांची रांग लावून, फटी पाल्याने बुजवून धार एका तोंडातून काढतात आणि तिथे बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवतात. उतरणीचा मासा आपणहून त्यात येतो. उन्हाळ्याची गोष्ट निराळी. धार तुटलेल्या डोहात तेव्हा गेळफळे वापरली जातात. फळे दगडावर ठेचून पाण्यात चोळली की फेस येतो. त्यातले सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांवर परिणाम करते, त्याला पाण्यातला प्राणवायू घेता येत नाही आणि तो वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. मासा खाणाऱ्याला त्याने अपाय होत नाही. मोहाच्या ढेपेतही हेच द्रव्य असते. नको असलेले मासे काढून टाकायला सरकारी मत्स्यतळ्यांत आजही तीच ढेप टाकतात. वाहत्या पाण्यात ही विद्या फुकट जाते. म्हणून पावसाळ्यानंतर सापळा आणि उन्हाळ्यात गेळ, अशी वाटणी नदीनेच करून ठेवली होती.

कोणते मासे, तर तळाला लपणारी वाम, मिशा असलेला शिंगाळा, हवा घ्यायला पृष्ठभागावर येणारी आणि पिल्लांची राखण करणारी मरळ, शिवाय झिंगे, खेकडे आणि वऱ्हाडात ‘मासोया’ म्हणून एकत्र तव्यावर जाणारी बारीक जात. या सगळ्यांवर महसीर. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, वाहत्या स्वच्छ पाण्याचा मासा. कर्नल साइक्स यांनी 1824 नंतर मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करताना इथले मासे अभ्यासले आणि मासेमारांकडून ऐकलेली खुद्री, कोळूस, मसला ही नावे लॅटिन नामावळीत घातली. दख्खनी महसिराचे शास्त्रीय नाव आजही टोर खुद्री आहे. तापी आणि नर्मदेचा महसीर म्हणजे मुख्यतः टोर टोर. त्याचे वर्णन हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरील ग्रंथात केले होते.

या महसिराने छावणीला नदीवर आणले. 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. वीस वर्षांनी, 1823 मध्ये, कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याच्या नजरेस चिखलदऱ्याचे पठार आले. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले आणि निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची तुकडी परतवाड्यात ठाण मांडून राहिली. हिंदुस्थानातल्या कोणत्याही छावणीप्रमाणे इथल्या साहेबांनाही दोनच विरंगुळे मोठे वाटत, बंदूक आणि गळ.

गळाचा त्यांचा धर्मग्रंथ मंगळूरकडे लिहिला गेला. मद्रास सनदी नोकरीतल्या हेन्री सलिव्हन थॉमस याने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ छापले आणि महसीर झुंजीत सामन माशालाही मागे टाकतो, असे विलायतेला सांगितले. दांडी, रीळ, चकाकणारा धातूचा चमचा, नाही तर कणकेची गोळी, असा सरंजाम. पाणी निवळल्याखेरीज चमचा दिसत नाही आणि महसीर तो धरत नाही. म्हणजे साहेबाचा हंगामही भोयाच्याच हंगामात पडला. त्या एकाच पुस्तकात दोन गोष्टी आहेत. एक, महसिराच्या सवयींचे बारीक निरीक्षण. मादी सगळी अंडी एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घालते, हे थॉमसचे मत. दुसरी, ‘नेटिव्ह’ मासेमार पिल्ले मारून नद्या ओस पाडतो ही तक्रार. पहिल्या गोष्टीसाठी त्याचे ऋण मानावे. दुसरीने पुढे बरेच काही केले.

त्याच 1873 साली फ्रान्सिस डे या लष्करी शल्यवैद्याचा, पुढे ‘फिशेस ऑफ इंडिया’ लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाचा, गोड्या पाण्यातील माशांवरचा सरकारी अहवाल आला. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवून त्याने बारीक आसाची जाळी, ओढ्यांत आडवे लावलेले सापळे आणि पाण्यात विष कालवणे यांवर बोट ठेवले. पुढे बरीच वर्षे कागद फिरले आणि 1897 चा मत्स्यव्यवसाय कायदा झाला. स्फोटकाने किंवा विषाने मासे मारल्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. वऱ्हाड मात्र कागदोपत्री निजामाचा मुलूख. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे, तो वेगळ्या हुकुमाने लावावा लागे. निजामाने इंग्रजांना दिलेल्या 1902 च्या कायम भाडेपट्ट्यानंतर आणि 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडल्यावरही ही कायदेशीर कसरत चालूच राहिली. त्याच 1903 मध्ये हैदराबाद कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि परतवाड्याच्या छावणीचे जुने दिवस संपले.

कायद्याने एक अन्याय करून ठेवला. डायनामाइटचे पेटंट 1867 चे. ते नद्यांत आले रस्ते, पूल आणि खाणींच्या कामांबरोबर. एका धमाक्यात डोहातली अंडी, पिल्ले, किडे, सगळे संपते. वर्षातून एखाद वेळी एका डोहात गेळ चोळणारे कोरकू गाव आणि सुरुंगाची कांडी खिशात घालून येणारा माणूस, दोघे एकाच कायद्याच्या शेजारशेजारच्या कलमांत सापडले आणि शिक्षाही सारखीच. नद्या ओस पाडण्यात दोघांचा वाटा सारखा नव्हता, हे कागद करणाऱ्यांनाही कळायला हरकत नव्हती.

दुसरे दार जंगल खात्याने लावले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटातले सागवान राखीव झाले, परतवाड्यात लाकडाचे मोठे डेपो उभे राहिले आणि गावाची ओळखच इमारती लाकडाची पेठ अशी झाली. 1927 च्या वन कायद्याचे कलम 26 वाचले तर राखीव जंगलातल्या गुन्ह्यांच्या यादीत शिकार करणे, मासे धरणे, पाण्यात विष टाकणे आणि सापळे लावणे हे सारे एका ओळीत येते. ओढा कोरकूच्या घरामागून वाहत असला तरी त्यातला मासा खात्याचा झाला. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. गाभा क्षेत्रात मासेमारी बंद झाली. सिपना-डोलारच्या माशांना त्याचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही; राखलेले जंगल आणि बारमाही पाणी असलेले डोह महसिराला हवेच असतात. या फायद्याची किंमत कुणी मोजली, तेवढे नोंदवले म्हणजे झाले.

या सगळ्यात पंचांगाचाही वाटा आहे. मासे उतरणीला लागतात ते दिवस नवरात्राचे आणि त्याला लागून येणाऱ्या कार्तिकस्नानाचे. पोळ्याच्या करीला मटणाचा बेत करणारी घरेही या महिन्यात हात आखडतात. मुलूखही संतांचा आहे. जवळचे रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे ठिकाण आणि तो पंथ काटेकोर शाकाहारी. अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव कीर्तनांतून प्राणिहत्येविरुद्ध बोलत फिरले. त्यांची सेवा सुरू झाली ती पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत. भोयाची अडचण अशी की माल भरपूर तेव्हा गिऱ्हाईक थोडे. मासे वाळवून ठेवणे आणि पुढे आठवडी बाजारात विकणे हा त्यावरचा उतारा. वाळलेल्या झिंग्यांची चटणी आणि भाकर वऱ्हाडात अजून आवडीने खाल्ली जाते. जाणकार तर सांगतात की थंडीतल्या मरळीची चव उन्हाळ्यातल्या मरळीला येत नाही. पण हा चवीचा वाद, इतिहासाने त्यात पडू नये.

नदीची मासेमारी खऱ्या अर्थाने मोडली ती स्वातंत्र्यानंतर. तापीवर खाली गुजरातेत काकरापारचा बंधारा, 1972 मध्ये उकाई, मग 1982 मध्ये चांगदेवच्या संगमाच्या किंचित खाली हतनूर. वर, डोंगराच्या पायथ्याला, शहानूरवर, चंद्रभागेवर, सापनवर वझ्झरला, पूर्णेवर विश्रोळीला धरणे झाली. प्यायला आणि शेताला पाणी मिळाले, ते हवेही होते. पण आश्विनात पाणी हळूहळू ओसरण्याचा जो क्रम होता तो तुटला. धरण पावसाळ्यात पाणी अडवते. खालची नदी दसऱ्याला ओढा होते आणि दिवाळीला वाळू. संत्र्याच्या पट्ट्यात बोअर खोल खोल जात राहिले, तसे डोहांना आतून मिळणारे झरेही आटले. उतरणीचा मासा उतरणार कुठे?

मासा मात्र संपला नाही, त्याने जागा बदलली. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी मिळवली आणि बीज नदीतून गोळा करण्याची गरज उरली नाही. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे धरणांत सोडले जाऊ लागले, धरणे सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. 1952 मध्ये देशात आणलेला टिलापिया पाठोपाठ पसरला. मांसाहारी आफ्रिकी मांगूर तर सरकारने 2000 साली बंदी घातल्यावरही चोरून वाढवला जातो. ठेका ज्या भोयाच्या संस्थेला मिळाला त्याचे बरे झाले, हेही खरेच. पण ठेक्याच्या धरणात बीज सोडायचे, वाढवायचे आणि काढायचे. त्यात कोजागिरीचे पाणी पाहण्याची गरज नाही. हे शेतीसारखे काम आहे. डोहाचे ज्ञान त्यात लागत नाही, म्हणून ते पुढच्या पिढीकडे गेलेही नाही.

महसीर वाचवायचा तर काय करता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज प्रकल्पाने 1970 च्या दशकापासून महसिराची अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्ले तलावांत आणि नद्यांत सोडली. मात्र एका खोऱ्यातला महसीर दुसऱ्या खोऱ्यात सोडू नये, असे अभ्यासक आता बजावतात, कारण स्थानिक जात त्यात हरवते. तापीच्या खोऱ्याला पुण्याकडची पिल्ले नकोत, स्वतःचे डोह हवेत.

ते डोह परत मिळवण्याची एक वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यातील इतर उत्पादने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परतवाड्यापासून जवळच असलेल्या पायविहीर गावाने 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकडीवर जंगल उभे केले आणि 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार घेतला. तिथली सीताफळे शहरांत पोचली. गाभा क्षेत्राबाहेरच्या गावांना माशांबाबतही हे करता येईल. सामूहिक दाव्याच्या छापील नमुन्यात मासे आणि पाणवठे यांसाठी वेगळा रकाना दिलेला आहे. दावा भरणाऱ्या ग्रामसभांनी तो रकाना कोरा सोडू नये. गावातल्या म्हाताऱ्या भोयाला आणि कोरकूला शेजारी बसवून प्रत्येक डोहाचे नाव, त्यात कधी आणि कोणत्या आसाचे जाळे टाकायचे आणि कोणते दिवस जाळे बंद ठेवायचे, हे सगळे त्यात लिहून घ्यावे.